चवथीचा रंग आणि भिंतीची ओल

गेल्या चवथीनंतर थोड्याच दिवसांनी डिचोली तालुक्यातून एका भगिनींचे दीर्घ पत्र आले. घर जुने, चिऱ्यांचे, मध्ये राजांगण असलेले. वाटेकरी पाच. त्यांपैकी तिघे मुंबईस, एक आखातात, आणि बारमाही घर सांभाळणाऱ्या त्या वडील जाऊबाई व त्यांचे यजमान एवढेच गावी. दर वर्षी आषाढात दीर मंडळी रंगासाठी पैसे पाठवितात, श्रावणात रंगारी येतो, चवथीला घर लखलखते. आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत कमरेइतक्या उंचीवर रंगाचे पोपडे सुटून फरशीवर भुकटी सांडू लागते. तीन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून आतील भिंतींना चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता ओल त्या चार फुटांच्याही वर चढली आहे. कंत्राटदार म्हणतो, सिमेंट छतापर्यंत न्या, नाहीतर घर पाडून स्लॅबचे बांधा. दीर म्हणतात, एवढाच खर्च असेल तर वाटण्या करून मोकळे होऊ. आणि भगिनी विचारतात, "दोष भिंतीचा की आमच्या नशिबाचा?"

उत्तर मुद्दाम माघापर्यंत राखून ठेवले, कारण श्रावणात ते वाचून उपयोग नव्हता. या कामाचे दिवस आता आहेत; माघ ते वैशाख, म्हणजे जूनचा पाऊस दाराशी येण्यापूर्वीचे चार महिने.

दोष नशिबाचा नाही, आणि भिंतीचाही नाही. भिंत जशी बांधली होती तशी तिला राहू दिलेले नाही, हे खरे कारण आहे.

आपला जांभा हा विलक्षण दगड. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ, आणि वारा लागला की कठीण होत जाणारा. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी अमलातील वैद्याने मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला लॅटरीट असे नाव दिले; लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. जुने लोक चिरा आणून लागलीच भिंतीत घालीत नसत. तो रचून ठेवीत, उन्हापावसात पक्का होऊ देत, आणि ज्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या मोठ्या गाठी असतील तो बाजूस काढीत. पण पक्का झाला तरी चिरा सच्छिद्रच राहतो. तो पाणी पितो आणि संधी मिळताच परत देतो. जुन्या घरांतून हे चिरे मातीत किंवा चुन्यात बसविलेले असतात, भिंती हात-दीड हात जाडीच्या, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेदी. जमिनीतून थोडी ओल भिंतीत चढणारच. जोत्यावर ओल अडविणारा थर घालण्याची पद्धत त्या काळी आपल्याकडे नव्हती. परंतु चुना स्वतः सच्छिद्र असल्याने चढलेली ओल वीतभर उंचीवरच बाहेर पडून वाऱ्यावर उडून जाई. पावसाळ्यात भिंत ओलावे, दिवाळीनंतर वाळे. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जमत आला होता.

त्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा बसला, की ओल खालून येतच राहते. जाण्याची वाट तेवढी बंद होते. मग ती वाट शोधीत वर चढते. भगिनींच्या भिंतीला चार फुटांवर ओल दिसते, याचा अर्थ सिमेंट कमी पडले असा नव्हे. सिमेंट जेथे संपते तेथे पाण्याला पहिली मोकळी जागा सापडली, एवढाच. छतापर्यंत सिमेंट नेले तर ओल वाशांच्या टोकांपर्यंत जाईल, आणि भिंतीत रुतलेले लाकूड कुजू लागेल. रंगाचीही तीच गोष्ट. तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग भिंतीवर पापुद्रा धरतो. पाण्याबरोबर आलेले क्षार त्या पापुद्र्यामागे साठतात, पाणी आटताच त्यांचे स्फटिक होतात, आणि ते फुगून रंगाला व गिलाव्याला आतून ढकलतात. आपण ज्याला लोणा लागणे म्हणतो ते हेच. श्रावणात भिंत वर्षातील सर्वांत ओली असते, आणि नेमकी तेव्हाच आपण ती रंगाने बंद करतो. दर वर्षीचा तो पैसा रंगाऱ्यास नव्हे, लोण्यास जातो.

येथे सिमेंटची निंदा करण्याचा हेतू नाही. स्लॅबला, तुळयांना, नव्या विटांच्या भिंतीला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. परंतु जोसेफ आस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ साली, आणि आपल्याकडील घराघरांत ते पोहोचले ते तर फारच अलीकडे. चुना आणि माती यांचा संसार त्याआधीचा आहे. मऊ भिंतीला कठीण गिलावा सोसत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात भिंत जराशी हलते, तो हलत नाही. त्याला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून पाणी आत शिरते आणि बाहेर येत नाही.

आता उपाय. पण त्याआधी पाणी कोठून येते हे ठरविले पाहिजे, कारण सर्व ओल जमिनीतून येत नाही, आणि एका रोगाचे औषध दुसऱ्यास दिल्याने पैसे मात्र जातात. भिंतीचा तळ बारमाही ओला आणि वर पाण्याची आडवी, पिवळट रेघ उमटलेली असेल, तर ओल जमिनीची. डाग वरच्या बाजूस, छपराजवळ, आणि केवळ पावसातच दिसत असेल तर कौलांची गळती. पश्चिमेच्या वा दक्षिणेच्या भिंतीवर मध्यभागीच ओल फुटत असेल तर ती झडीची. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. आणि न्हाणीघराच्या मागील भिंत चैत्रातही ओली असेल तर नळाचा सांधा तपासावा. अलीकडे जुन्या घरांच्या पोटात न्हाणीघरे काढण्याची सोय झाली. सोय खरी, परंतु पूर्वीची न्हाणी घराबाहेर का होती याचा विचार फारसा कोणी केला नाही. संशय राहिलाच तर एक सोपी परीक्षा आहे. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा जाड कागद भिंतीवर लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. कागदाच्या आपल्याकडील बाजूस दव असेल तर ते खोलीतील दमट हवेचे. खिडक्या उघडाव्या, भिंतीस हात लावू नये. भिंतीकडील बाजूस पाणी असेल तर ते भिंतीतून आलेले.

पाण्याचे मूळ बहुधा छपरावर सापडते. एक हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. दहा मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा लहानशा घराच्या छपरावर म्हणजे एका पावसाळ्यात तीन लक्ष लिटर पाणी येते. दहा हजार लिटरचे तीस टँकर. हे सारे पाणी पागोळ्यांनी वळचणीखाली, थेट जोत्याच्या कडेला उतरते. ते पुढे कोठे जाते, हा जुन्या घराच्या दुरुस्तीतील पहिला प्रश्न. रंग हा अगदी शेवटचा.

म्हणून भगिनींनी प्रथम अंगणात उतरावे आणि घराभोवती एक फेरी घालावी. जोते किती दिसते? पूर्वी दोन-अडीच फूट उघडे असलेले जोते अनेक घरांतून आता अर्धेअधिक बुडालेले आढळते. दर वर्षी पालापाचोळा साठतो, रस्ता डांबराच्या थरांनी उंच होतो, अंगणात भर पडते, आणि एके दिवशी बाहेरची माती आतील फरशीच्या बरोबरीस येते. ही माती काढणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम आहे. चार मजुरांना तीन-चार दिवस पुरेल. गवंडीदेखील लागत नाही. मात्र पाया उघडा पडेल इतके खोल जाऊ नये. अंगणाचा उतार भिंतीपासून दूर असावा, मीटरभर अंतराला निदान एक इंच. अंगणाला सिमेंटचा कोबा किंवा हल्लीचे सिमेंटचे ठोकळे भिंतीला भिडवून घातले असतील तर भिंतीलगतची फूट-दीड फूट रुंदीची पट्टी उखडून तेथे खडी भरावी. कोब्याखालची ओल सुटण्यास जागा नसली की ती भिंतीचाच आश्रय घेते. पागोळ्या जेथे पडतात तेथे दगडी किंवा सिमेंटची उथळ पन्हळ बांधून पाणी अंगणाबाहेर न्यावे. विहीर असेल, तर पहिल्या काही पावसांनंतरचे स्वच्छ पाणी गाळून तिच्याकडे वळविता येईल. मग मे महिन्यात त्याचा गुण दिसेल.

राजांगणाचे मोरीचे भोक हे अशा घराचे मर्मस्थान. चारी छपरांचे पाणी तेथे उतरते आणि एका नळीने बाहेर जाते. ती नळी फरशीखालून, बहुधा खोल्यांखालून गेलेली असते. ती फुटली किंवा तुंबली तर मधल्या सर्व भिंती तळापासून ओल्या होतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. आताच दहा-बारा घागरी पाणी एकदम ओतून ते बाहेरच्या तोंडाशी किती वेळाने आणि किती प्रमाणात येते हे पाहावे. आत गेलेले सारे बाहेर आले नाही, तर इतर सर्व कामे थांबवून ही नळी आधी उघडावी.

मग कौले. मंगळूरला बासल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि पुढे ही कौले साऱ्या किनारपट्टीवर पसरली. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. त्यांना खाचा असतात, एकीची कड दुसरीत बसते. पण निरनिराळ्या कारखान्यांच्या खाचा तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून फुटक्या कौलाच्या जागी नवे घालण्यापूर्वी पालथे करून छाप पाहावी, आणि जुन्या घरांच्या पाडकामातून त्याच छापेची कौले मिळतात का ते विचारावे. भिन्न छापेची कौले घेणे भागच पडले तर ती छपरभर विखरून न घालता एका बाजूस एकत्र घालावीत. कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्यावे. खणखणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर तडा आहे. गळती शोधण्याचे काम मात्र उन्हाळ्यात होत नाही. ते भर पावसात माळ्यावर चढून, ओल्या वाशावर खडूने खूण करून ठेवण्याचे काम आहे. पाणी कौलातून शिरते एकीकडे, वाशाच्या अंगाने वाहत जाते आणि टपकते दुसरीकडे. खूण वाशाच्या वरच्या अंगास करावी. गेल्या पावसाळ्यात हे केले नसेल तर निदान येत्या पावसाळ्यात करावे. गळक्या जागी कौलांवर सिमेंट थापण्याची खोड मात्र सोडावी. ते चिरते, पाणी अडवते, आणि पुढे कौल बदलायचे म्हटले तर शेजारची चार फोडून निघते.

वासे आणि रिपा हाताशी आल्याच आहेत तर एखादा अणकुचीदार खिळा त्यांच्या टोकांना, विशेषतः भिंतीत शिरलेल्या टोकांना, टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड आतून पोकळ झाले आहे. वाळवीचे मातीचे बोगदे भिंतीवर दिसताच ते नुसते पुसून टाकू नयेत. त्यांचा माग काढीत जमिनीपर्यंत जावे, कारण तिचे घर तेथे आहे. भिंतीला टेकून रचलेले सरपण आणि नारळाची सोडणे यांइतका तिला दुसरा आधार नाही. जुने लोक लाकडास काजूच्या टरफलांचे तेल लावीत. ते गुणकारी आहे, परंतु बिब्ब्याप्रमाणे अंगावर उतते. हातमोजे घालूनच लावावे आणि मुलांना दूर ठेवावे.

एवढे होईपर्यंत फाल्गुन संपेल. मग भिंतीकडे वळावे. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत काढून टाकावा. छिन्नी-हातोडीचे काम हलक्या हाताने व्हावे. भिंत चिऱ्यांची नसून मातीची असेल तर गवंड्यास आधी सांगावे, नाहीतर गिलाव्याबरोबर भिंतही येते. सांध्यांतील भुसभुशीत झालेली माती बोटभर खोल काढावी, लोणा कोरड्या कुंचल्याने झाडून गोळा करून बाहेर टाकावा. तो पाण्याने धुऊ नये. पाण्याबरोबर क्षार पुन्हा भिंतीत जातात. आणि मग, हे सर्वांत कठीण आहे, काहीही न करता थांबावे. उघडी भिंत वाळू द्यावी. एक पुरता उन्हाळा तरी तिला हवा. चवथीला पाहुणे येतील आणि भिंत उघडी दिसेल, याची लाज बाळगू नये.

चुन्याचा गिलावा पुढल्या वर्षी, दिवाळीनंतर. एक भाग चुना आणि तीन भाग स्वच्छ, खरखरीत वाळू. समुद्राची वाळू कदापि नको, तिच्यात मीठ असते. पूर्वी आपल्याकडे नदी-समुद्राच्या शिंपल्या भाजून चुना करीत. आता बहुतेकांना पिशवीतील विरविलेला चुना घ्यावा लागतो. कळीचा चुना मिळाला तर पाण्यात चुना घालावा, चुन्यावर पाणी ओतू नये. ते उसळते, आणि डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. तसे झालेच तर डोळे वाहत्या पाण्याने बराच वेळ धूत राहून लागलीच दवाखाना गाठावा. विरविलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला. गिलाव्यासाठी काही आठवडे तरी. गिलाव्याचा एक थर बोटाच्या जाडीहून अधिक नसावा, पहिला घट्ट झाल्यावर दुसरा. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत आवळत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश कठीण होतो. कित्येक दिवस त्यावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि ऊन थेट पडू देऊ नये. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळालाच नाही, तर एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग वाळू असे मिश्रण आतील भिंतींना चालवून घ्यावे. जाणकारांना ते तितकेसे रुचत नाही, पण निखळ सिमेंटाहून ते पुष्कळ बरे. गवंडी हळूच सिमेंटचे प्रमाण वाढवितो, "मजबूत होईल" म्हणून. त्यावर लक्ष ठेवावे. येथे मजबुती हाच दोष आहे.

पश्चिमेच्या भिंतीसाठी जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला: पावसाआधी झावळ्यांचे विणलेले झाप बाहेरून बांधणे. विणणारे हात कमी झाले आहेत हे खरे. त्यांच्याऐवजी पत्रा किंवा ताडपत्री लावावी, पण भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, मागून वारा वाहील अशी.

घर पाडण्याविषयी. कंत्राटदाराच्या शब्दावर तो निर्णय घेऊ नये. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडून पाहावा. भिंत मध्येच पोटाने पुढे आली असेल, किंवा भेग तळापासून माथ्यापर्यंत जाऊन रुंदावत असेल, तर अभियंत्यास बोलवावे आणि त्याची फी खुशीने द्यावी. भेग वाढते की नाही हे कळण्यासाठी तिच्या टोकांशी पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवावी. भिंत हलत असेल तर पट्टी तडकते. भगिनींच्या पत्रातील वर्णनावरून त्यांचे घर पोपडे सुटलेले, पण पायावर ठाम उभे आहे असे वाटते. पोपडे हे घर पाडण्याचे कारण नव्हे.

राहिला पैशाचा आणि दिरांचा प्रश्न. तो या सदराच्या कक्षेबाहेरचा म्हणून टाळता आला असता, परंतु अनेक घरे पावसाने कमी आणि याच प्रश्नाने अधिक पडतात. रंगाचे पैसे दूर असलेला माणूस आनंदाने पाठवितो, कारण रंग चवथीला दिसतो. बुडालेले जोते आणि फुटकी मोरी त्याला दिसत नाही. यासाठी भगिनींनी असे करावे. फेरी घालताना जे आढळेल ते एका वहीत तारखेसह लिहावे, छायाचित्रे काढावीत, आणि पाचही वाटेकऱ्यांना एकाच मजकुराचे पत्र पाठवावे: गेल्या पाच वर्षांत रंगावर किती गेले, यंदा माती काढणे, पन्हळ, मोरी आणि कौले यांस किती लागेल. तीन वर्षे रंग नाही, हेही त्यात स्पष्ट असावे. नातेवाइकांत हिशेब मागणे अवघड असते. आधीच देऊन टाकलेला हिशेब कोणास बोचत नाही. आणि यंदा कोणी एक दीर चवथीऐवजी आषाढात चार दिवस येऊन राहिला, तर त्याला खडू देऊन माळ्यावर पाठवावे.

शेवटी त्यांची एक लहान पृच्छा: माटोळीमागची, गणपतीच्या पाठीची भिंत तरी चवथीला चांगली कशी दिसावी? तिच्यावर चुन्याची सफेदी द्यावी. विरविलेला चुना दुधाइतका पातळ करून फडक्यातून गाळावा, धरण्यासाठी थोडा डिंक भिजवून घालावा, पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ. मीठ घालण्याची जुनी चाल आहे, पण ओल्या भिंतीला ते नकोच, कारण मीठ पाणी ओढते. भिंत किंचित ओलसर करून पातळ हात द्यावा, एक दिवस मध्ये सोडून दुसरा, मग तिसरा. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो आणि रंग चढलाच नाही असे वाटते. घाबरून जाड हात मारू नये, वाळल्यावर तो उजळतो. श्रावणातील हवेत त्याला वाळण्यास वेळ लागतो, म्हणून चवथीच्या आठ-दहा दिवस आधी काम संपवावे.

सिमेंट काढलेल्या उघड्या भागावर मात्र यंदा सफेदीही नको. तेथे पाटाच्या मागे एखादे जुने जरीचे लुगडे सोडावे.